गुरमीतच्या वाट्याच्या सिगारेटी

सावदा, ता. रावेर
११ नोव्हेंबर २०२४

आधारभाऊ,
जय हिंद आणि राम राम.

परवा तुझ्या पोराने, प्रशीलने फोन लावून दिला आणि आपलं जे झालं त्याला बोलणं म्हणायचं का रे? मी तीन शब्द बोलून धापा टाकतोय आणि तू तिकडून ओरडतोस, "काय? काय? मोठ्यानं बोल!" शेवटी प्रमिलाने फोन काढून घेतला. म्हणाली, एकाला दम नाही, एकाला कान नाही, तुम्ही दोघं आपली पलटणीत असल्यासारखी पत्रंच लिहा. म्हणून लिहायला बसलो. पोस्टातल्या पोरीला अंतर्देशीय मागितलं तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी चार आण्याचं नाणं पुढे केलं.

तू विचारत होतास त्याचं उत्तर असं, की अर्ज नामंजूर झाला. माझा आजार लष्करातल्या नोकरीमुळे झालेला नाही, असं लिहून आलंय. अपंगत्वाची पेन्शन मिळणार नाही. पेन्शनचं एवढं नाही रे. केळी आहे, प्रेमराज कष्टाचा पोरगा आहे, त्याच्या हाताखाली बाग चांगली चाललीय. पण घरी आल्यापासून बारा वर्षं गावात जो विचारेल त्याला मी सांगत आलो, की वरच्या पोस्टवर राकेलच्या स्टोव्हचा धूर खाल्ला, त्याचा हा दम. आता सरकारी कागद म्हणतो तसं नाही. म्हणजे मी काय बारा वर्षं थापा मारल्या? माझ्या छातीत जे गेलं ते ड्युटीवर असताना गेलं, एवढं एक वाक्य त्यांनी लिहून द्यावं. मग बाकी काही नको.

कागदपत्रं सगळी माझ्या पोरीने, सारिकाने केली. आठवते ना, तुझ्या खांद्यावर बसून परेड पाहिली होती ती? आता जळगावला दवाखान्यात नर्स आहे. हल्ली माझ्याशी जरा कमी बोलते. कामाचा ताण असेल.

लिलाबाईंना नमस्कार.
तुझा
अमृत


धुळे
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय अमृत,
जय हिंद, जय भीम.

तुझं पत्र वाचलं आणि लिलाला म्हटलं, माझी काठी आण. ती म्हणाली, कोणाला मारायचंय? म्हटलं, नाव माहीत नाही, पण मारायचंय!

नोकरीमुळे नाही म्हणे! काय बोलतस भो! फायबरच्या त्या एवढ्याशा झोपडीत सहा माणसं, बाहेर उणे चाळीस, आत चोवीस तास राकेलचा स्टोव्ह. बर्फाने पाइप बुजला की धूर सगळा आतच. सकाळी थुंकलं की बर्फावर काळा ठिपका. आणि पाइप साफ करायला कोण जायचं? बाकी सगळे झोपेचं सोंग घेऊन पडलेले, आणि आमचा सावद्याचा केळीवाला नाकाला रुमाल बांधून पाइपात तोंड घालून बसलेला. हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कान गेलेत, डोळे नाही गेले.

माझ्या कानांचं बघ. उखळी तोफेवर होतो, कान गेले, मेडिकल बोर्डाने एका फटक्यात मान्य केलं. तोफेचा आवाज सगळ्यांना पटतो. धुराला साक्षीदार लागत असेल तर मी आहे ना! अपील कर. बोलावतील तिथे येतो.

त्या हिवाळ्याचं मी काही विसरलेलो नाही. दोन हजार दोनचा जानेवारी. माय गेल्याची खबर वायरलेसवर आली आणि हवा अशी बिघडली की अठरा दिवस हेलिकॉप्टर उडालं नाही. मायला माती द्यायला एकुलता एक पोरगा नव्हता. मला घास गिळवत नव्हता. गुरमीतच्या वाट्याच्या सिगारेटी नसत्या तर मी वेडाच झालो असतो. तू रोज आणून द्यायचास, "सिग्नलवाल्या गुरमीतला चालत नाहीत, त्याने तुला दिल्यात" म्हणून. फार भला माणूस. आणि वर तू मला शिव्याही घालायचास, की इथे काय धूर कमी आहे?

ते नामंजुरीचं पत्र मला झेरॉक्स करून पाठव. काय कारण दिलंय ते मला स्वतः वाचायचंय.

तुझा
आधार


सावदा
१६ डिसेंबर २०२४

आधारभाऊ,
राम राम.

उशीर झाला. थंडी सुरू झाली की मी माणसात नसतो.

झेरॉक्सचं म्हणतोस तर तो कागद कुठे ठेवलाय सापडत नाही. सारिकाकडे असेल. त्यात पाहण्यासारखं काही नाही, नेहमीची सरकारी भाषा. अपील तिने केलंय, पुण्याला बोर्डासमोर तारीख मिळेल म्हणते. पण तू येण्याची तसदी घेऊ नकोस. तुझं वय काय, प्रवास केवढा, आणि तिथे साहेब विचारणार एक आणि तू सांगणार दुसरंच.

इकडे भरताचे दिवस आहेत. शेताशेतात तुरीच्या काट्या पेटवून वांगी भाजतायत. यंदा आमच्या भाऊबंदांनी बागेच्या पार त्या टोकाला जाऊन वांगी भाजली, मला धूर लागू नये म्हणून. सगळे तिकडे हसतायत, खिदळतायत, आणि मी ओट्यावर एकटा, तोंडाला फडकं लावून. मग प्रमिला ताटात भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन आली. छान झालं होतं. पण धुराशेजारी बसल्याशिवाय भरताला भरीत कसं म्हणायचं?

मी ठीक आहे. काळजी करू नकोस. आणि त्या कागदाचा नाद सोड.

तुझा
अमृत


धुळे
१२ जानेवारी २०२५

अमृत,

प्रिय लिहिलेलं नाही, ते मुद्दामच.

तुला दोन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. प्रशीलकडून सारिकाला फोन लावला, तेव्हा कळलं की तू आठ दिवसांपासून दवाखान्यात आहेस, नाकाला ऑक्सिजन आहे. मी काय मेलो होतो का रे कळवायला?

आणि पोरीने दुसरंही सांगितलं. तुझ्या जुन्या मेडिकल कागदांत लिहिलंय, रोज दहा सिगारेटी ओढतो. म्हणून नामंजूर! बोर्डाचं म्हणणं, हा माणूस आपल्या व्यसनाने आजारी पडला. प्रशीलने हे मला पाटीवर लिहून दाखवलं तेव्हा मी हसलो. म्हटलं, कारकुनाची चूक आहे, अमृत आणि सिगारेट! त्यावर ती म्हणाली, मलाही तसंच वाटलं काका, म्हणून बाबांना विचारलं. तर बाबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, लिहिलं असेल तर असेल.

म्हणजे तू ओढायचास? माझी पोस्टिंग बदलल्यावर सुरू केलंस का? मला शिव्या देत होतास, स्वतः लपून ओढत होतास, आणि ही गोष्ट माझ्यापासून लपवलीस? व्यसन लागलं तर लागलं, मी काय साधू होतो? लिलाने प्रशीलच्या डोक्यावर हात ठेवायला लावला तेव्हा कुठे सुटली माझी. पण तू खोटं बोलणारा माणूस नव्हतास, अमृत. मी गावभर सांगत फिरतो, की माझ्या आयुष्यात एक माणूस कधी खोटं बोलला नाही. आता काय सांगू?

खरं काय ते लिही. मी रागावणार नाही. आधीच रागावलोय.

आधार


जळगाव, दवाखाना
२१ जानेवारी २०२५

आधारभाऊ,

अक्षर सारिकाचं आहे, बोलणं माझं. हात थरथरतात. तिने तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, घे कागद. दोघांना एकदाच सांगून टाकतो.

मी ओढत नव्हतो. एकही नाही.

वर दोन याद्या असायच्या. विडीकाडीवाल्यांची एक, त्यांना सिगारेटी. न ओढणाऱ्यांची दुसरी, त्यांना चॉकलेट. माझं नाव चॉकलेटच्या यादीत होतं. तुझी माय गेली. तू जेवेनास. तुझ्या वाट्याचं पाकीट दुपारपर्यंत संपायचं, मग तू नुसता भिंतीकडे तोंड करून बसायचास. मला भीती वाटली रे. बाहेर निघून जाशील बर्फात, अशी भीती वाटली. मी सुभेदार साहेबांना म्हटलं, माझं नाव ओढणाऱ्यांत घाला. घातलं.

तू घेतल्या नसत्यास माझ्याकडून. तू असा मानी. म्हणून गुरमीतचं नाव सांगितलं. आता तूच सांग, सरदार माणूस सिगारेटीच्या यादीत नाव घालेल का? हात तरी लावेल का? तेवीस वर्षांत तुझ्या डोक्यात कसं आलं नाही? मी रोज घाबरायचो, आज पकडतो, उद्या पकडतो.

खाली उतरलो तेव्हा सगळ्यांची तपासणी. डॉक्टर साहेबांनी विचारलं, ओढतोस? शेजारी सुभेदार साहेब यादी घेऊन उभे. नाही म्हटलं तर त्यांची यादी खोटी. हो म्हटलं. किती? दहा. तेच पुढे प्रत्येक कागदावर चढत गेलं. मी कधी खोडायला गेलो नाही. तेव्हा छाती धड होती, काय फरक पडत होता?

आता खोडायचं तर हे सगळं सांगावं लागणार. तुझ्या कानावर जाणार, आणि तू आयुष्यभर डोक्याला हात लावून बसणार, की माझ्यामुळे झालं. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. ऐकलंस ना? धुरामुळे झालंय. आणि दिलेलं कधी बोलून दाखवायचं नसतं, आमच्या आजीने शिकवलंय.

आता पुरे. दम लागला.

*काका, मी सारिका. बाबा झोपलेत. मला एक सांगायचंय. प्रत्येक सुट्टीत बाबा पोस्टवरची चॉकलेटं साठवून माझ्यासाठी आणायचे. मी आठ वर्षांची होते त्या वर्षी ते रिकाम्या हाताने आले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. आणि आताही दोन महिने धड बोलले नाही. मला खूप रडू येतंय. अपिलाची तारीख ४ मार्च आहे.*


धुळे
३० जानेवारी २०२५

अमृत, मना भाऊ,

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग बाहेर जाऊन बसलो. लिला आली, तिने पत्र वाचलं, तीही शेजारी बसली. आम्ही दोघं म्हातारे भर दुपारी ओट्यावर बसून रडतोय. शेजारच्या बेबाबाई धावत आल्या, विचारायला लागल्या, कोण गेलं? म्हटलं, कोणी नाही, एक माणूस सापडला.

मग मला राग आला. तुझा नाही, माझा. बसलो तेवीस वर्षं गुरमीतला दुवा देत! आमच्या घरात बुद्धवंदना झाली की मी त्याचं भलं चिंतायचो. तो बिचारा तिकडे पंजाबात चकित होत असेल, हे एवढं पुण्य येतंय कुठून?

ऐक. तू म्हणतोस तुझ्यामुळे काही झालं नाही. बरं, नाही झालं. पण आता माझ्यामुळे काहीतरी होणार. मी नुसता बोललो तर साहेब म्हणतील, दोस्त आहे, दोस्तासाठी बोलणारच. कागदाला कागदच लागतो. मी डोकं धरून बसलो होतो, तेव्हा लिला गुपचूप उठली आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. माझी सगळी पत्रं! लग्नापासूनची! मी म्हणायचो, कशाला रद्दी जपतेस. दोन तास आम्ही दोघं एकेक उलगडत बसलो, आणि सापडलं. वरून लिहिलेलं, फील्ड पोस्टाचा शिक्का, २७ जानेवारी २००२. बघ काय लिहिलंय मी:

"लिला, मायचं कळलं. मला येता येत नाही, तू रडू नको. अमृत माझ्याजवळच असतो. तो विडीकाडीला शिवत नाही, मला शिव्या देतो, पण चहात बिस्कीट बुडवून मला लहान पोरासारखं भरवतो. इथे स्टोव्हचा धूर फार. सगळ्यांची थुंकी काळी पडते. पाइप अमृतच साफ करतो, त्याला पंधरा दिवसांपासून खोकला आहे, रात्रभर खोकतो आणि विचारलं की म्हणतो काही नाही."

याच्यापुढे आणखी एक ओळ आहे. ती सांगत नाही.

शिक्का आहे, तारीख आहे, तुझा खोकला आहे आणि तुझी न ओढलेली सिगारेट आहे. मी ४ मार्चला पुण्याला येतो. प्रशीलने दोन वर्षांपूर्वी कानाचं मशीन आणलं होतं, ते मी कपाटात टाकून दिलं होतं, म्हातारं दिसतं म्हणून. ते घालून येतो. साहेब एक विचारतील आणि मी त्याचंच उत्तर देईन. भेटू.

तुझा
आधार


सावदा
१७ मार्च २०२५

आधारभाऊ,
राम राम.

अक्षर माझंच आहे, बघून घे. रोज चार ओळी असं करत हे पत्र पाच दिवसांत लिहिलंय.

पुण्याला तू जो गोंधळ घातलास तो मी नातवंडांना सांगणार आहे. मशीन नवीन, तुला वाटलं सगळ्यांनाच कमी ऐकू येतं. त्या कर्नल बाई शांतपणे विचारतायत आणि तू परेड ग्राउंडवर असल्यासारखा, "होय मॅडम! माझ्यासाठी घेतल्या मॅडम! मी गाढव होतो मॅडम!" बाहेर बसलेली माणसं डोकावून पाहत होती.

पण तुला बाहेर थांबायला सांगितलं, त्यानंतरचं तुला माहीत नाही. ते लिहायचं आहे.

बाईंना मराठी येत नव्हती. त्यांनी एका नायब सुभेदाराला बोलावलं, सांगलीकडचा होता. तो तुझं पत्र वाचून हिंदीत सांगत गेला. विडीकाडीचं आलं, तिथे बाईंनी खूण केली. खोकल्याचं आलं, तिथे पुन्हा वाचायला लावलं. मग शेवटच्या ओळीवर तो अडला. म्हणाला, मॅडम, ही कोणती तरी वेगळी बोली आहे, मला लागत नाही. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, आप बताइए.

कागद माझ्या हातात दिला. वाचला. "मनी माय गयी, पन आठे माले एक माय भेटनी."

चोरा! ही ओळ लपवून ठेवली होतीस होय? आणि ती माझ्याच तोंडून सांगायला लावलीस! मला आधीच दम नाही. मी म्हटलं, मॅडम, ये बोलता है, इसकी माँ चली गई, लेकिन यहाँ... आणि पुढे मला बोलताच येईना. दमामुळे नाही. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. म्हणाल्या, रहने दीजिए, समझ गई. सारिका मागे उभी होती, तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला तो गाडीत बसेपर्यंत काढला नाही.

निकाल कधी येईल माहीत नाही. काय येईल तेही माहीत नाही. पण पोरगी आता रोज फोन करते आणि मी बोलू शकत नाही म्हणून एकटीच बडबडते. परवा येताना चॉकलेटचं पाकीट घेऊन आली. मला गोड मना आहे, तरी एक खाल्लं.

तुझा
अमृत


धुळे
३ जुलै २०२५

प्रिय अमृत,
जय हिंद! जय भीम! राम राम! आज सगळंच.

काल सारिकाने प्रशीलच्या मोबाईलवर तो कागद पाठवला. इंग्रजी होता, त्याने मला मराठीत सांगितला. मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. व्यसनाचं सगळं वगळलंय आणि लिहिलंय, की फुप्फुसाचा आजार अतिउंचावरच्या सेवेतल्या धुराच्या संपर्कामुळे झाला. सेवेमुळे, अमृत! तुला हवं होतं तेच एक वाक्य. लिलाने पुरण घातलंय. म्हणते, कडू औषध पिणाऱ्याच्या नावाने आपणच गोड खाऊ.

कागद फ्रेम करून ओट्यावर लाव. जो विचारेल त्याला बोट दाखव, बोलायचे कष्ट घेऊ नकोस.

सारिका म्हणाली, कागद आला तेव्हा तू तो नुसता मांडीवर घेऊन बसलास. आणि म्हणाली की आता ऑक्सिजन दिवसाही लागतो. लिहायलाही त्रास होतो. मी मोठा शहाणा, तिला म्हटलं, मग त्याला सांग, लिहू नको.

आता माझं एक ऐक. हे मशीन सुरुवातीला नुसतं खरखर करायचं, पण गेल्या महिन्यापासून मला बरंच ऐकू येतं. चिमण्या ऐकू येतात. लिला स्वयंपाकघरात माझ्या नावाने काय पुटपुटते तेही ऐकू येतं, आणि ते ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं. त्या झोपडीत आपण अंगाला अंग लावून झोपायचो, आठवतं? मी जागा असायचो आणि अंधारात तुझा श्वास ऐकायचो. घरघर यायची तरी चालू आहे एवढं कळायचं. त्याच्यावर त्या अठरा रात्री काढल्या मी. तुला कधी सांगितलं नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता सारिकाला माझा फोन लावायला सांग. प्रमिलावहिनींना म्हणावं, या वेळी फोन काढून घेऊ नका. तू काही बोलू नकोस. जय हिंदसुद्धा म्हणू नकोस. फोन छातीजवळ धर आणि नुसता श्वास घे.

मी ऐकस.

तुझा
आधार